कातरणाचं पाकीट

डिंककाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता गावात उरलं नव्हतं. चाळीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवल्यावर डिंक बोटांवरून नावावर चढला तो चढलाच. माणूस भला, हात सफाईदार. पण बढाईची खोड भारी. समोरच्याला आपल्या कामाचं पुराण ऐकवल्याशिवाय त्यांच्या सुईत दोरा जात नसे.

त्या पुराणातला आवडता अध्याय ज्यू लोकांच्या पुस्तकांचा. गावात त्यांची घरं चारच, आसपासची खेडी धरून पंधरा. वर्षातून एकदा गावाचा मेळा आठवडाभर चाले, प्रत्येक समाजाकडे एकेक दिवस. ज्यू मंडळी आपल्या दिवशी प्रार्थनाघरात साहित्य-मेळावा भरवत. कविता, कथा, आठवणी वाचत. ऐकायला सगळी पंचक्रोशी लोटे. त्यांची फाटकी पुस्तकं वीस वर्षं काकाच बांधत. हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणून पुस्तकाची पाठही उजवीकडे. शिवाय देवाचं नाव असलेला कागद ते कधी फेकत नाहीत. प्रार्थनाघराच्या दाराशी एक लाकडी पेटी असे, ती भरली की आतले कागद दफनभूमीत पुरत. काकांना हिब्रूचं ओ की ठो कळत नसे, त्यामुळे ते कडा कापताना पडलेलं सगळंच कातरण पाकिटात भरून परत नेऊन देत. ‘वीस वर्षांत एक चिटोरा इकडचा तिकडे नाही,’ हे छाती फुगवून सांगत.

यंदा त्यांच्यातल्याच एका निवृत्त शिक्षिका बाईंनी आपल्या वडिलांच्या हिब्रू कविता बांधायला आणून दिल्या. बासष्ट सुटे कागद, हाताने लिहिलेले, दुसरी प्रत नाही. कागद महाग असतानाच्या काळातले, त्यामुळे उजवीकडे समास नावाला. मेळाव्यात पहिल्यांदाच त्या वाचायच्या होत्या.

“काका, पाठ उजवीकडे हं,” बाई म्हणाल्या.

“बाई, हे मला सांगताय?”

दुसऱ्या दिवशी शाळेचे शिपाई हजेरीपट घ्यायला आले आणि काकांना श्रोता मिळाला. हिब्रू पुस्तक कसं उलटं उघडतं, साध्या बाइंडरची कशी फजिती होते, हे ते रंगवून सांगत होते आणि हात आपले सवयीने चालले होते. भोकं पाडली, दोरा ओवला, कागद कापायच्या यंत्राखाली सारले, दांडा ओढला. शिपाई “वा!” म्हणून गेले. काकांनी गठ्ठा हातात घेतला आणि उलटून पाहिला. पाठ डावीकडे शिवली होती. उजवीकडची दोन सूत, म्हणजे पाव इंच, पट्टी कापली जाऊन खाली पडली होती आणि तिच्यावर शाई होती. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर.

तिथेच उठून बाईंकडे गेले असते तर एवढ्यावर निभावलं असतं. पण काकांनी दार लोटून घेतलं. शिवण उसवली. डावीकडे ओळी आखूड होत्या, तिथली भोकं कापून टाकली आणि आता उजवीकडे पाठ घट्ट शिवली. कापलेली कड पाठीत गडप. पाहणाऱ्याला वाटावं, अक्षरं शिवणीत दबलीत. आपल्याच कसबाची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी बाई पुस्तक न्यायला आल्या. पानावर अंगठा दाबून म्हणाल्या, “पहिली अक्षरं दिसत नाहीत हो.”

“नवी शिवण आहे. होईल सैल.”

“आणि कातरणाचं पाकीट?”

“यंदा... कातरण निघालंच नाही.”

बाईंनी पुस्तकाच्या ताज्या कापलेल्या, सरळसोट कडेवरून बोट फिरवलं. मग पुस्तक छातीशी धरून निघून गेल्या.

पाकीट काकांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. बासष्ट पट्ट्या, क्रमाने, दोऱ्याने बांधलेल्या. फेकायला हात धजला नव्हता आणि द्यायला तोंड नव्हतं.

प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. काका तिसऱ्या रांगेत बसले. बाई वाचू लागल्या, अडखळल्या. पुस्तक ताणून शिवणीत डोकावल्या, पुन्हा अडखळल्या. मागे कुणीतरी कुजबुजलं, “वय झालं आता बाईंचं.” बाईंच्या कानावर ते गेलं असावं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “माफ करा, डोळे साथ देत नाहीत.” तीन ओळी आठवणीने रेटल्या, चौथी सापडेना. वडिलांची कविता अर्ध्यावर सोडून त्या खाली बसल्या.

काकांना वाटलं, आता उठावं आणि सांगावं. पण ते बसूनच राहिले. तेवढ्यात अध्यक्षांनी त्यांचंच नाव पुकारलं. वीस वर्षांच्या सेवेबद्दल फुलं! टाळ्यांच्या कडकडाटात काका व्यासपीठावर गेले. फुलं घेतली. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते “आभारी आहे”. खाली उतरताना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. काका दाराशी पेटीपाशी थांबले. पाकीट आत टाकलं की संपलं. उद्या-परवा पुरलं जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. वीस वर्षं त्यांनी दिलेली पाकिटं याच पेटीत गेली, तसंच हेही. त्यांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं. बाई आत एकट्याच खुर्चीवर बसून पुस्तक शिवणीपाशी उघडून बघत होत्या, अजून.

काकांनी पाकीट ओढून काढलं, आत गेले आणि बाईंच्या हातात दिलं.

“हे पुरू नका,” ते म्हणाले. “पहिली अक्षरं आहेत. मी कापली. डोळे तुमचे चांगले आहेत.”

बाईंनी दोरा सोडला. सगळ्यात वरची पट्टी पहिल्या पानाशी लावून पाहिली. अक्षरं ओळींना बरोबर जुळली.

“सकाळी विचारलं होतं मी तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

बाईंनी पहिली ओळ वाचली, पुरी, अगदी सुरुवातीपासून, हळू आवाजात. मग दुसरी. काका फुलं हातात घेऊन उभे होते. बाई त्यांना बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.