डावी पाकळी

खोटं कशाला बोलू, देवाला विचारायची कल्पना माझी होती. आईची नव्हे.

आईला अन्न गिळायला त्रास होऊ लागला, तेव्हा पेडण्याच्या डॉक्टरांनी आम्हांला म्हापशाच्या पोटाच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तोंडातून दुर्बीण घालून आत बघावं लागेल. पुढच्या मंगळवारी या." आई लगेच तयार. हळर्णला घरी पोचल्या पोचल्या तिने पिशवीत साडी आणि टॉवेल भरून ठेवला. घाबरलो तो मी. पन्नाशीचा बाप्या, साखळीला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझी पाचावर धारण बसलेली. दुर्बिणीची भीती होतीच, पण त्याहून जास्त आत काय सापडेल त्याची.

"आपण आधी प्रसाद लावूया," मी म्हटलं. आमच्याकडे लग्न असो, घर बांधायचं असो की ऑपरेशन असो, देवाचा कौल घेतल्याशिवाय माणसं पाऊल उचलत नाहीत. भटजी मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, आपलं गाऱ्हाणं देवाच्या कानावर घालतात आणि मग सगळ्यांनी वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली. मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! आता लाज वाटते, पण तेव्हा मी देवाला दोनदा नमस्कार केला. घरी येऊन आईने पिशवीतली साडी काढली आणि कपाटात ठेवली.

मग तीन महिने काढे, चूर्णं, कुणाच्या तरी मेव्हण्याला गुण आलेल्या गोळ्या. सकाळी पावाचा उंडा चहात बुडवून खायची, तो सुटला. भात सुटला. शेवटी पेजेचं नुसतं पाणी, तेही अर्धी वाटी. मी दर शनिवारी साखळीहून यायचो आणि "आज बरी दिसतेस गो" म्हणायचो. कसली बरी, डोंबल! ब्लाउज खांद्यावरून घसरत होता.

पाणीसुद्धा उलटून पडायला लागलं, तेव्हा तिला गाडीत घालून म्हापशाला नेलं. दुर्बिणीचं काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. डॉक्टर चिडलेले होते. आईसमोरच मला म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वी बोलावलं होतं ना? तेव्हा ऑपरेशन तरी करता आलं असतं. कुणी थांबवलं तुम्हांला?"

विज्ञानाच्या मास्तराने काय सांगायचं, पाकळी डावी पडली म्हणून?

"मीच ऐकाक नाय," आई म्हणाली. घसा सोलवटला होता, आवाज जेमतेम येत होता. "ह्यो रोज सांगी, चल म्हणान. माकाच भीती वाटली."

आईने माझं पाप स्वतःच्या पदरात घेतलं आणि मी ते तिला घेऊ दिलं. डॉक्टरांनी मान हलवली, दुखणं कमी करायची औषधं लिहिली. एक नळी बसवून बघता येईल, म्हणाले, चार थेंब पोटात जातील. बाकी काही उरलेलं नाही. दोन दिवसांत कळवा.

परतताना ती मागच्या सीटवर आडवी झाली होती. मला रडू आवरेना. गाडी बाजूला घेतली आणि तोंड पुसून घेतलं. ती नळी बसवायची की नाही, हे ठरवणं पुन्हा माझ्या डोक्यावर आलं होतं, आणि ते मला पेलणार नव्हतं. सवयीने बोलून गेलो, "आई, वाटेत देवळाकडे थांबूया? नळीचं एकदा विचारून घेऊ."

तिने डोळे उघडले.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "तेका तरी आता कित्याक अडचणीत घालतंस?"