पिना टोचलेलं रेडकू

मला विनायला येतं हे सासरी कळलं आन् त्या दिवसापासून माझ्या हातांना मालक लई झाले. आधी आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, देवाच्या पाटावर टाकायला रुमाल मागितला. मग टीव्हीवर झालर. मग जावेच्या भावजयीच्या बाळाला कुंची, टोपरं, पायमोजं. मग कुनाच्या तरी मामीनं मोबाईलला लोकरीचं कव्हर मागितलं. मोबाईलला! आमच्या सोनईच्या उन्हाळ्यात त्याला काय थंडी वाजती का? पन दिलं. नको म्हनायची माझी हिंमतच न्हाई, कुनी जरा आवाज चढवला की माझ्या छातीत भाता सुरू होतो, आन् त्यापरीस विनलेलं बरं वाटतं.

आन् घेताना सगळ्यांचं एकच. "तुला काय गं, बसल्या बसल्या होतंय." बसल्या बसल्या! कडेवर लेक, ती दात येतात म्हनून रडती, गॅसवर दूध, दारात भाजीवाला, मी बसते तरी कवा? आत्याबाईंच्या भाचीच्या लग्नात रुखवतावर मांडायला मी लोकरीची दोन बदकं केली, एक फळांची टोपली केली, द्राक्षाचा येक न् येक मनी वेगळा विनला. लग्नात बघते तर वर पुठ्ठ्याची पाटी, 'नवरीचे हस्तकौशल्य'. त्या नवरीला सुईत दोरा ओवता येत न्हाई. बाया वाकून वाकून बघतात, काय हात हाय पोरीचा म्हनतात, आन् नवरी मान खाली घालून लाजती. मी तिथंच उभी, हातात पापडाचं ताट.

माझं माहेर पाथर्डीकडं. आई-बाप दर साल ऊस तोडायला जातात, म्हनून मला वसतिगृहात ठेवलं हुतं. तिथल्या एका सिस्टरबाईंनी माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. आठवीनंतर शाळा सुटली, सुई तेवढी राहिली. लगीन होऊन आले तवा मला वाटलं, ही सुई हाय तवर आपलं बरं हाय. विनत राहायचं, देत राहायचं, मग हे लोक आपल्याला जपतील. असं खरंच वाटायचं मला.

तर ह्या दिवाळीची गोष्ट. माझी नणंद, आमी त्यांना ताई म्हनतो, भाऊबीजेला आली हुती. तिला घोडेगावला दिलीय, सासरे म्हशींचा व्यापार करतात, बाजाराच्या दिवशी त्यांच्या दावनीला पाय ठेवायला जागा नसती. तिचं पोरगं चार वर्षांचं, रात्रंदिवस म्हशींत. त्याला मी इचारलं, "काय करू रे तुला, अस्वल करू का ससा?" तर म्हनतं, "मामी, रेडकू."

मला हसू आलं. आजवर कुनी मला असं काय मागितलंच न्हवतं. आत्याबाईंच्या शालीची काळी लोकर उरली हुती, तीच घेतली. मोबाईलवर हत्ती कसा करायचा ते दावतात, रेडकू कोन दावतंय? मनानंच केलं. पोटात जुन्या गादीचा कापूस भरला, डोळे धाग्याचेच काढले, मनी लावला तर पोरं गिळतात. पाय वेगळे विनायचे आन् मग अंगाला जोडायचे असतात. जोडताना ते हलू नयेत म्हनून आधी पिना टोचायच्या, चारी पाय सारखे हायत का बघायचं, मग शिवायचं. मी पिना टोचून नुकती सुई घेतली आन् बाहेर ताईला न्यायला आलेला जीपवाला हॉर्न वाजवायला लागला.

ताई आली आन् माझ्या मांडीवरचं रेडकू उचललं.

"अहो ताई, पिना हायत त्याला, पाय नुसते टाचलेत."

"दे गं, घरी गेल्यावर शिवते मी."

"पोराच्या हातात देऊ नका तसं..."

"मला काय अक्कल न्हाई का? ड्रायव्हर बोंबलतोय तिकडं." आन् पिशवीत कोंबलं, गेली.

शिवते म्हने! स्वतःच्या झंपराचं हूक तुटलं तर ती नवा झंपर घेती. पन मी काय बोलनार, मी जीपमागं हात हलवत राहिले.

मग दोन दिवसांनी फोन आला. संध्याकाळी, आमी जेवायला बसलो तवा. ताईच्या सासूबाईंचा, त्यांना मी मावशी म्हनते. आमच्या ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला आन् ताटाजवळ ठेवला, नि त्यातून मावशींचा आवाज सगळ्या घरात फिरला. त्यांची चांगली म्हैस, बाजारात न्यायची हुती ती, मागच्या पायानं लंगडायला लागली. घरात शोधाशोध, कुनाची नजर लागली, कुनी काय टाकलं. आन् पोराच्या उशाखाली सापडलं काळं रेडकू. पायांत पिना टोचलेल्या.

"तुमच्या सुनंनं आमच्या दावनीला करनी धाडली," मावशी म्हनल्या. "काळ्या लोकरीची! मागच्या पायात दोन दोन पिना! उद्या येऊन तिच्या हातानं काढू द्या, न्हाईतर आमची सून तुमच्याकडं पाठवते कायमची."

मी म्हनले, "अहो मावशी, पाय जोडायला..." पन फोन तवर बंद झाला हुता.

आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. अंगात मीच विनलेला स्वेटर, निळा, गळ्याला पांढरी पट्टी. त्या स्वेटरातून मला म्हनतात, "काय केलंस तू?"

"तुमच्यासमोर केलं की हो. इथं बसून केलं."

"मला काय कळतंय त्यातलं," म्हनले, आन् भाकरी मोडली. एवढा मोठा गडी! रेडकू करताना "शिंगं भारी झालीत" म्हनाला हुता, ते गेलं कुठं?

आत्याबाई शांतपनं बोलल्या, त्याचंच मला जास्त भ्या वाटलं. "माझ्या लेकीचा संसार मोडायचा न्हाई. तिथं उद्या मिटलं तर ठीक. न्हाईतर हिला पाथर्डीला सोडून ये. पोरगी इथंच राहील, पोरगी आपली हाय."

पोरगी आपली हाय. माझी लेक माझ्या मांडीवर भाकरीचा तुकडा चोखत हुती, अजून अंगावर पिते ती. आन् पाथर्डीला कुनाकडं सोडनार मला? घराला कुलूप. आई-बाप कुठल्या तरी फडात पाचटाची कोपी घालून राहतात, फोन लागला तर लागला. मला जेवन गेलं न्हाई. लेकीला उराशी धरून पडले, आन् तिचा श्वास ऐकत राहिले.

सकाळी जीपनं घोडेगावला गेलो, आत्याबाई, आमचे हे, मी नि लेक. निघताना मी पिशवीत काळी लोकर आन् मोठी सुई टाकली. का टाकली ते तवा मलाच ठाऊक न्हवतं.

तिथं आंगनात बाया जमलेल्या. गोठ्यापासून लांब, भिंतीकडंला एक शेनाची पाटी पालथी घातली हुती. पाटीवर दगड. दगडावर लिंबू. खाली रेडकू! कापूस भरलेल्या जनावराला कोंडून ठेवलं हुतं, पळून जाईल म्हनून का काय. सगळ्या बाया लांब उभ्या, पदर तोंडाला. ह्याच त्या बाया, ह्यातल्या दोघींच्या नातवंडांच्या डोक्यावर माझी टोपरी हायत. त्या टोपऱ्यांतून तवा करनी उतरली न्हाई वाटतं. थंडी हुती ना!

मावशी म्हनल्या, "काढ. तुझ्या हातानं काढ पिना."

मी लेकीला ह्यांच्याकडं दिली. दगड बाजूला केला, पाटी उचलली. लिंबू घरंगळलं तशा दोघी बाया किंचाळल्या. रेडकू एका अंगावर पडलेलं, काळं, वेडंवाकडं. मला त्याची दयाच आली.

"मावशी, नुसत्या पिना काढल्या तर पाय गळून पडतील," मी म्हनले. "शिवून मग काढते."

"ऐका! शिवते म्हने!"

मी खालीच बसले. सुईत लोकर ओवायला चार वेळा चुकले. मग पहिला पाय शिवला, पिन काढली, ओठांत धरली. ओठांत पिना असल्या की बोलता येत न्हाई, ते बरंच हुतं. दुसरा पाय. गोठ्यात म्हशी रवंथ करत हुत्या. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी, मला सारखं वाटत हुतं आता बोलंल, आता बोलंल. तिसऱ्या पायाला मी पिना तोंडातून काढल्या आन् कुठून दम आला कुनास ठाऊक, तिला म्हनले, "ताई, जीपपाशी मी तुमाला काय म्हनले हुते?"

तिनं सासूकडं बघितलं. मग जमिनीकडं.

"मला न्हाई बाई आठवत," म्हनली.

ती बी सासूला भिती, हे मला तिथंच कळलं. माझ्याइतकीच भिती. पन कळलं म्हनून मला तिची कीव आली असं न्हाई. मी भिते, तरी दुसऱ्याच्या लेकीला असं उघड्यावर सोडत न्हाई.

चौथा पाय शिवत हुते तवा ताईचे सासरे गोठ्यातून आले, हातात वैरनीची पेंडी. "ही गर्दी कसली?" मावशींनी सगळं सांगितलं, म्हैस, पिना, करनी. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आन् पेंडी खाली टाकली.

"म्हशीच्या खुरात खडा अडकला हुता. काल अंधार पडायच्या आतच काढला मी. नीट चालती ती."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मला इचारलं का कुनी?" मग वाकून माझ्या हातातलं रेडकू बघितलं, बाजारात बघतात तसं, पायाखालून, पाठीवरून. "पोरी, मागचे पाय आखूड झालेत. आन् शेपूट कुठाय?"

"राहिलं, मामा."

"लाव की मग. बिनशेपटाचं कोन घेईल?"

बाया हसल्या. लगेच. आत्ताच पदर तोंडाला लावून उभ्या हुत्या, त्याच. एक म्हनली, "मी म्हनतच हुते, पोर गरीब हाय." दुसरी माझ्याजवळ येऊन बसली नि शिंगं दाबून बघायला लागली. मी लोकरीची वेणी घालून शेपूट लावलं. पोरगं आलं, रेडकू काखेत मारलं आन् गोठ्यात पळालं. आमचं चुकलं, असं मला कुनी म्हनलं न्हाई. माझं खरं हुतं म्हनून मी सुटले न्हाई, म्हैस नीट चालली म्हनून सुटले. तो खडा काल निघाला नसता, तर मी आज कुठं असते?

मावशींनी चहा दिला. कप हातात देताना म्हनल्या, "आता आलीच हायस तर थोरल्या नातवाला बी एक कर. पन पांढरं कर हं, गाय कर."

जीपमधी आमचे हे म्हनले, "मी म्हनलो हुतो ना, काई होनार न्हाई." कवा म्हनले हुते? मी खिडकीतून बाहेर उसाच्या गाड्या बघत राहिले. लेकीनं माझ्या पदराचं टोक घट्ट धरून ठेवलेलं.

त्या दिवसापासून मी कुनासाठी टाका घातला न्हाई. गाय न्हाई, झालर न्हाई. आठवडाभर कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. मग एके दिवशी आत्याबाईंनी पांढरी लोकर आनून माझ्यापुढं ठेवली. मी तवा लेकीचा लाल स्वेटर विनत हुते. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मी लोकर उचलली न्हाई. माझ्या छातीतला भाता त्यांना ऐकू जाईल असं वाटत हुतं.

"का गं, हात दुखायला लागले का?"

"न्हाई दुखत," मी म्हनले, आन् पुढचा टाका घातला.