कॅमेऱ्याला घातलेलं तेल

माझी शाळा अडीच वर्षांची, तीही निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. मराठी मी मागाहून जुन्या वर्तमानपत्रांवरून एकट्यानं शिकलो. पण यंत्राच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. कुकटपल्लीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचो, आणि इंजिनिअर साहेब गप ऐकायचे.

निवृत्तीनंतरही मलकपेठच्या घरी खंडेनवमी चुकली नाही. पाने, कानस, मोजपट्टी, सगळं रॉकेलनं धुऊन, तेल लावून पाटावर मांडायचो. त्या वर्षी पाटावर नवीन पाहुणा होता, मुलीचा डिजिटल कॅमेरा. मुलगी कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. पहिल्या दिवाळीला तिनं तो हौसेनं घेतला होता. कंपनीच्या कामाला पुण्याला गेली आणि घाईत तो टेबलावरच विसरली. हत्यार ते हत्यार, म्हणून मी तोही पूजेला घेतला.

बटण दाबलं की त्याची काच कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची. येताना बारीक कुरकुरायची. मी दोनदा, तीनदा ऐकलं. कोरडी पडली होती. आता सरकत्या भागाला तेल लागतं, हे काय मला सांगायला पाहिजे? लांब नळीच्या बुधलीतून दोन थेंब सोडले. तेल मुरावं म्हणून चारदा उघडझाप केली. पाचव्यांदा मान अर्धी बाहेर आली आणि तिथंच थांबली. मागच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि विझलं.

"काय हो, काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. मालच हलका आहे."

पण घरात मिक्सर बिघडला, पंखा अडला की मुलगी लहानपणापासून एकच म्हणायची, दादांना दाखवा. आता ती चार दिवसांनी येणार होती. कॅमेरा मीच घालवला, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? ठरवलं, हुबेहूब तसाच नवीन आणून टेबलावर ठेवायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबिडच्या बाजारात एका दुकानात गेलो. तिथं दुरुस्तीही होती आणि विक्रीही. दाढीवाल्या दुकानदारानं कॅमेरा उघडला, कापसाची काडी आत फिरवून वास घेतला.

"चाचा, इसमें तेल कौन डाला?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

"जो भी डाला, दिल खोल के डाला. ये तो गया. ये मॉडल भी अब नहीं आता."

त्यानं नखाएवढी एक चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. सगळे फोटो यात आहेत, म्हणाला. मी ती उजेडाकडे धरून पाहिली. रिळात निदान सावल्या तरी दिसतात. इथं काहीच नाही. मग फोटो आहेत कुठं? सांभाळायचे कसे? मी विचारत गेलो, तो सांगत गेला. अर्धं कळलं, अर्धं अजूनही कळलेलं नाही.

मग त्यानं काउंटरवर नवे कॅमेरे मांडले. हा इतक्याचा, हा तितक्या झूमचा. मी एकेक उचलून कानाला लावला आणि उघडझाप करून ऐकला. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"चाचा, कैमरा है, रेडियो नक्को समझो!"

"तुम डब्बे पे लिखा पढो, मैं सुनता हूँ," मी म्हणालो.

एक सापडला. त्याची काच आतल्या आतच हलत होती. मान बाहेर नाही, कुरकुर नाही. लोण्यासारखा. मी म्हटलं, हाच. पण मुलीची चकती त्यात जाईना. खाचच वेगळी. कंपनीगणिक चकती वेगळी म्हणे! आमच्या कारखान्यात असा कारभार कुणी खपवून घेतला नसता. चकती ज्यात बसत होती तो दुसरा, मान बाहेर काढणारा, आणि पहिल्यापेक्षाही जास्त कुरकुरणारा. माझ्या कानाला तो मुळीच पसंत नव्हता.

"पहले देख तो लो, फोटो ठीक हैं क्या," म्हणून दुकानदारानं चकती त्या कुरकुऱ्यात घातली. पडदा उजळला. सगळ्यात शेवटचा फोटो आधी आला, आणि दुकानदार काउंटरवर हात आपटून हसला.

"चोर मिल गया चाचा!"

पडद्यावर मी होतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर कुंकू, ओठ दाबलेले, आणि समोर बुधलीची ही एवढी मोठी नळी. काच धरताना अंगठा बटणावर पडला असणार.

"निकाल देतौं? एक बटन का काम है."

'काढून टाक' म्हणायला माझा हात वर झाला होता. मीच तो त्याच्या मनगटावर ठेवून त्याला थांबवलं. काम करताना मी असा दिसतो? तीस वर्षांत कुणी माझा कामावरचा फोटो काढला नव्हता. कारखान्याच्या निरोपाला काढला, तो हार घालून, खुर्चीत बसवून. हा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तोंड कसं, जसं काही सगळं त्याला कळतंय.

"नक्को," मी म्हणालो. "रहने दो. कुरकुऱ्याच द्या."

मुलगी आली तेव्हा कॅमेरा तिच्या हातात दिला.

"दादा, हा माझा नाही."

"चालू करून बघ. शेवटचा फोटो."

तिनं बघितला. मग म्हणाली, "तेल घातलंत? कॅमेऱ्याला?"

"घातलं. चुकलं माझं."

आतून बायको ओट्यावरचं काम टाकून दारात आली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिनं ऐकले नव्हते.

मुलगी अजून पडद्याकडेच बघत होती. "किती छान आलाय हो हा," म्हणाली, आणि कॅमेरा बंद केला. मान कुरकुरत आत गेली.

"ऐकलंस?" मी म्हणालो. "कोरडी आहे."

तिनं उठून बुधली उचलली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली.