मोहाखाली बसलेल्या बाई

मोहफुलं वाळत घातली की त्या उग्र, गोड वासात मला चिमूरजवळच्या आमच्या गावी आलेल्या बाई आठवतात. माझ्या लेकीला, सुमीला, ऐकू येत नव्हतं. ती कुणात मिसळत नसे, चिडली की स्वतःचाच हात चावायची. कर्णबधिर मुलांच्या समुपदेशक असलेल्या त्या बाई काही न विचारता मोहाच्या झाडाखाली तिच्याशेजारी फुलं वेचत बसल्या. मग डोळे मोठे करून त्यांनी छातीवर थरथरता हात ठेवला. सुमीनं तसंच केलं आणि शाळेच्या वाटेकडे बोट दाखवलं.

"तिले भेव लागते," बाई म्हणाल्या. "कशाचं, ते तुम्हीच हातानं विचारा."

मी विचारलं. पोरं मागून येऊन ढकलतात, हे तिनं करून दाखवलं आणि माझ्या कुशीत रडली.

आता सुमी माझ्याशी दोन्ही हातांनी खुणा करत भांडते. तेव्हा मी मनातल्या मनात बाईंच्या पाया पडते.