पावशेर मनुका

बासष्ट सालच्या जानेवारीत बाबा जेवता जेवता म्हणाले, "मला दारव्ह्याकडं जाऊन यायचंय. तू चल सोबत."

आमचे बाबा निवृत्त पाळक. आम्ही अमरावतीला राहायचो. माणूस कडक, त्यांच्या चपला वाजल्या की मंडळीतली भांडणंसुद्धा चिडीचूप व्हायची. मी नुकतीच नर्स म्हणून नोकरीला लागले होते आणि रजा मागायची म्हणजे मेट्रनबाईंपुढं उभं राहायचं. तरी मी हो म्हटलं. कारण विचारलं नाही, मला ते माहीत होतं.

चार महिन्यांपासून बाबा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत वाटतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेत नव्हते. भाकरीचं ताट आलं की न घेता पुढं सरकवायचे. आमच्यात रीत अशी की कुणाचा अपराध केला असेल, तर आधी जाऊन समेट करावा, मग प्रभूच्या मेजाजवळ यावं. हे बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. आता पाळी त्यांची होती.

झालं होतं असं. मी दहा वर्षांची असताना बाबा दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात पाळक होते. तिथं दौलतकाका देवळाची, म्हणजे चर्चची, झाडलोट करायचे. प्रभुभोजनासाठी आमच्याकडं मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून रस करतात. एका रविवारी रसाची बाटली अर्धीच निघाली. दौलतकाका तेव्हा मोहाची दारू प्यायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक. बाबांनी तीनदा विचारलं, तीनदा ते "मी नाई" म्हणाले, आणि प्रत्येक वेळी मान आणखी खाली गेली. बाबांनी भर मंडळीत त्यांना मेजापासून उठवलं आणि दारापाशी बसवलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्षभरात आमची बदली झाली.

मग इतक्या वर्षांनी तिथल्या नव्या पाळकांचं पत्र आलं. दौलतनं रस घेतला होता, पण स्वतः प्यायला नव्हता. बायको रत्ना तापानं फणफणली होती. प्रभूच्या मेजावरचं पोटात गेलं तर वाचेल, म्हणून तिला पाजला. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तिला कुणी बोल लावू नये म्हणून खरं सांगितलं नाही. पत्र वाचून बाबा दिवसभर अंगणात बसून होते; मी ते नंतर गुपचूप वाचलं.

सकाळच्या मोटारीनं निघालो. दोघांचं तिकीट मिळून माझ्या एका दिवसाच्या पगारातही भागलं असतं, पण धूळ मात्र फुकट आणि पोटभर. नेरला टायर बसलं. स्टँडजवळ एक म्हातारे मुसलमान मेकॅनिक होते, त्यांनी ते काम हाती घेतलं आणि आम्हाला चहा पाजला. बाबा त्यांच्याशी बोलत बसले. मला ज्यातला एक शब्द सांगितला नव्हता, ते सगळं त्यांनी पंक्चर काढणाऱ्याला सांगून टाकलं!

मेकॅनिकचाचा हात पुसत म्हणाले, "जाऊन राह्यले न साहेब, चांगलं करून राह्यले. पण खाली हात नका जाऊ. रुसलेल्याच्या घरी कोनी खाली हात जाते काय?"

दारव्ह्याला बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत बाबा एका किराणा दुकानात शिरले आणि त्यांनी पावशेर मनुका घेतल्या.

"बाबा, दुखऱ्या जागेवरच बोट ठेवताय," मी म्हटलं.

"मला दुसरं काही सुचत नाही गं," ते म्हणाले. इतक्या पडक्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तिथून पुढं रेंगी. बैलांची ही हलकी गाडी पळते झकास, पण उतरल्यावर आपली हाडं जागेवर आहेत का ते एकदा तपासावं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, तुरीच्या गंज्या, मधूनच एखादा पळस लाल व्हायला लागलेला. ती मनुकांची पुडी बाबांनी सबंध रस्ताभर मांडीवर धरली होती.

दारात रत्नाकाकू तूर पाखडत होत्या. बाबांना पाहून सूप तसंच राहिलं. "सलाम साहेब! अन् हे लिली काय? एवढीशी होती, माय!" त्यांनी हाक मारली तसे मागच्या वाडीतून दौलतकाका आले. डोक्याचे केस पार पांढरे झाले होते.

बाबांनी वाटेत मोठं भाषण जुळवलं असणार, इतकी वर्षं प्रवचनं केलेला माणूस. पण उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "दौलत, मी तुला विचारलं, पण ऐकायला थांबलो नाही. चारचौघांत तुझी मान खाली घातली. मला क्षमा कर."

दौलतकाका गोंधळले. "असं काय बोलता साहेब? मी बी त खोटं बोललो. तुमी एकडाव चुकले, मी तीनडाव."

"अन् त्या रसानं काईच झालं नाई," रत्नाकाकू मध्येच म्हणाल्या. "ताप सुई देल्यावर उतरला. पण ह्या बुढ्यानं माह्यासाठी देवाघरून चोरलं, हे समजलं. आधी पिऊन आला त मी त्याले घराबाहेर ठेवत होती, ते तवापासून बंद केलं. मंग त्यानंच पेनं सोडलं."

आम्ही सगळेच हसलो. बाबाही. मग पानं वाढली: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. त्या भागात गेलात तर ठेचा आधी बोटाच्या टोकानं चाखा. मी चाखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रभुभोजनाचा रस आता दौलतकाकाच करतात हे तेव्हा कळलं, आणि त्या दिवशीचा आमच्याच मनुकांचा होता. देऊळ म्हणजे कौलारू खोली, खाली ताडपत्री, तीसेक माणसं. दौलतकाका दारापाशीच बसले. रत्नाकाकू उंबऱ्याबाहेर, त्यांनी अजूनही बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण रविवार चुकवत नसत.

मी काकांना हळूच विचारलं, "तुम्हाला तर केव्हाच परत घेतलं ना? मग इथं का?"

"घेतलं न. दुसऱ्याच वर्षी," ते म्हणाले. "पण कोनी लाजत लाजत आला, त त्यानं इथं एकटं काहून बसाव?"

बाबांनी हे ऐकलं. पाहुण्या पाळकासाठी पुढं खुर्ची मांडली होती, ती सोडून ते येऊन आमच्याजवळ ताडपत्रीवर बसले. भाकरीचं ताट आलं. बाबांनी हात उचलला आणि तसाच थांबवला.

"मी अजून लायक नाही, दौलत."

"लायक मानसाले कायले पाह्यजे, साहेब?" काकांनी ताट धरूनच ठेवलं. "त्याच्या घरी जेवाले असन. हे आपल्यासारख्यासाठी हाय. घ्या."

बाबांनी तुकडा घेतला. आई गेली तेव्हाही न रडलेले माझे बाबा त्या ताडपत्रीवर हमसून हमसून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आता त्या रस्त्यानं जीपगाड्या धावतात, शेतात सोयाबीन दिसतं. ते गाव मला आता नीट ओळखता येणार नाही. त्या तीन दिवसांचं माझ्यापाशी काय उरलं, असं नात विचारते. देवाची क्षमा मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. ती कशी दिसते ते मात्र दारापाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडं पाहून कळलं. बाबाही परतल्यावर बदलले. पूर्वीसारखेच रागवायचे, पण रागावून झालं की समोरच्याचं ऐकायला थांबायचे.

त्या प्रवासानंतर सहा वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. घास गिळवत नव्हता. एका शनिवारी दुपारी त्यांनी प्रभुभोजन मागितलं. पाळक परगावी गेले होते, उद्यापर्यंत थांबणं शक्य नाही हे मला नर्स म्हणून दिसत होतं. मी देवळात गेले, कपाट उघडलं, दुसऱ्या दिवसासाठी गाळून ठेवलेला रस कुणालाही न विचारता वाटीत घेतला आणि पदराखाली झाकून आणला.

पहिला चमचा त्यांच्या ओठांना लावला. चव ओळखून त्यांनी डोळे उघडले.

"कुठून आणलंस?"

"चोरून," मी म्हटलं.

बाबा किती तरी दिवसांनी हसले. म्हणाले, "मग अजून एक दे."