नानांचा घसारा

आमच्या शेजारच्या नानांची नजर पडली की जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत जागच्या जागी उतरते. मालमत्तांचं मूल्यांकन हा त्यांचा धंदा. पण वयापोटी किंमत कापायची, म्हणजे घसारा लावायचा, हा स्वभाव. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, "पोकळ आहे" म्हणाले आणि शांतपणे पानावर बसले. पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "घसारा लवकर सुरू झालाय."

अशा माणसाच्या हाती नाशिकबाहेरचं जुनं दगडी चर्च पडलं, तेव्हा मला धडकीच भरली. छप्पर गळत होतं, उपासनेला मोजकीच घरं उरली होती. कमिटीने विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक एकच, बिल्डर. त्याचा माणूस गॉगल न काढता थेट वेदीपर्यंत आला. "इमारत शून्य धरा, नाना. सही झाली की जेसीबी लावतो." इतक्या जुन्या बांधकामाला नानाही एरवी शून्यच धरत. इथेच लग्न लागलेल्या आणि इथूनच नवऱ्याला अखेरचा निरोप दिलेल्या सोनवणेबाई बाकाची कड घट्ट धरून उभ्या होत्या.

नाना भिंत ठोकत निघाले. टिचकी मारायची, दगडाला कान लावायचा, पुढे सरकायचं. मदतीला म्हणून मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरून मी घामाघूम. पूर्ण फेरी झाली, तरी नाना पुन्हा पहिल्यापासून ठोकू लागले.

"काय शोधताय, नाना?" बाईंना राहवेना.

"पोकळ जागा," नाना चिडून म्हणाले. "सापडत नाहीये."

मग ते गॉगलकडे वळले. "शून्यावर सही मिळणार नाही. आणि या भिंती पाडायचा खर्च जमिनीच्या भावातून वजा करून बघा."

त्याने मोबाईलवर आकडेमोड केली, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

"एकुलतं एक गिऱ्हाईक पळवलंत!" कमिटीचे सचिव लालेलाल. "आता जाहिरातीत काय लिहू?"

"लिहा, छप्पर गळतं. बाकी तक्रार नाही."

नानांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. ती जाहिरातीत वाचून विंचूरचा एक द्राक्षबागायतदार आला. मुलीच्या संगीतवर्गासाठी त्याने इमारत घेतली, आधी छप्पर बदललं. नाताळची उपासना तिथेच होईल, हे बाईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

नाना आता थकलेत. परवा आम्ही तिथून जाताना त्यांनी रिक्षा थांबवली, भिंतीला टिचकी मारली, कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

"भरीव आहे!" मी ओरडून सांगितलं.

नानांनी समाधानाने मान हलवली. आत मुलं जोरजोरात तबला बडवत होती. भिंतीला कान लावूनही नानांना तो ऐकू आला नव्हता.