चाचाच्या सुट्टीतला निळा धूर

पांढरा धूर म्हणजे आत पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑईल जास्त. हे मला आता झोपेत विचारलंत तरी सांगेन, एवढे व्हिडिओ मी बघितलेत. आणि आमचा धूर निळा होता! म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून नाकासमोर होतं, तरी चाचाची अख्खी सुट्टी गेली. तेच डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

चाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. कुवेतला कंपनीत आहे, दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते. आम्ही पेणला रामवाडीत राहतो, पण चाचाचं घर गावी, रोह्याच्या खाली खाडीला लागून, तिथे चाची एकटी असते. त्याने तिकडे बसून फोनवरच एक जुनी होडी घेतली आणि तिच्या पाठीला लावायची टू-स्ट्रोक मोटार घेतली. न बघता! कशासाठी, तर एकाच गोष्टीसाठी. तो लहान असताना आजोबा त्याला शिडाच्या होडीतून सुकतीबरोबर, म्हणजे पाणी उतरायला लागलं की, खाली न्यायचे. पार रेवदंड्याच्या अलीकडे एक रेतीचा पट्टा उघडा पडायचा. तिथे उतरून हाताने तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरायच्या आणि भरती लागली की तिच्याबरोबर घरी. अब्बा कधी गेले नाहीत, कारण त्यांना होडीत उलट्या होतात. त्यामुळे ती जागा आजोबांना माहीत आणि चाचाला. आजोबा आता नाहीत. फोनवर चाचाचं दर वेळी एकच, "यंदा आलो ना गो, की तुला न् चाचीला तिथे नेतो. बघच तू."

तो यायच्या आधी अब्बा दर रविवारी गावी जाऊन धक्क्याला बांधलेल्या होडीतच मोटार चालू करून बघायचे. मस्त चालायची. टू-स्ट्रोक आहे, थोडा धूर असणारच.

चाचा आला त्या रात्री गावच्या घरी जेवताना नुसता बोलत होता. त्यातच त्याने सांगितलं की तिकडे एकाने मोटारीत नुसतं पेट्रोल घातलं, ऑईल मिसळायला विसरला, मोटार भर पाण्यात जाम झाली आणि ते लोक किती वेळ वाहत गेले. आम्ही पोरांसारखे हसलो. चाची हसली नाही, भाकरी वाढत होती.

दोन दिवसांनी निघालो. चाचा, मी आणि काठावर हात हलवणारे अब्बा. चाची म्हणाली, पहिल्यांदा तुम्ही बघून या, मग मी येते. निघालो आणि मागे एवढा धूर की धक्का दिसेना. पहिल्या वळणाला मोटार खोकली आणि बंद. दोरी ओढून ओढून चाचाचा खांदा गेला. वल्हं मारत परत आलो तर धक्क्यावर दोन म्हातारे बसलेले.

"काय रे, डास मारायला गेलेलास काय?"

"व्हय चाचा, मेले सगळे," आमचा चाचा म्हणाला. "तुमच्या घरात पण मारून देऊ?"

तेव्हा हसत होता तो.

प्लग काढला तर तेलाने नुसता माखलेला. पुसला, घासला, मग मी पेणहून नवीन आणला. कार्बुरेटर खोलला, रॉकेलने धुतला. आम्हाला मिश्रणावरच संशय आला होता, खरंच! म्हणून चाचाने कॅन रिकामा केला, रोह्याच्या पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, मापाच्या बाटलीने ऑईल घातलं, मी स्वतः बघितलं. कॅन पडवीत ठेवला, सकाळी भरती बघून धक्क्यावर गेलो. परत निळा धूर. मग काय, मिश्रण तर आम्ही आमच्या हाताने केलेलं, म्हणजे त्यात चूक नाही. चूक मोटारीतच असणार!

"भाई, तुझ्या हाताला चालत होती ना ही?"

"दर रविवारी."

"मग माझ्यावर रुसली काय?"

पेणला एक जण मोटारी खोलतो, त्याच्याकडे नेली. तो म्हणाला आतलं सील गेलं असेल, मागवावं लागेल. सील मुंबईहून येणार, आज येईल, उद्या येईल. चाचा गावात नातेवाइकांकडे जेवायला जायचा आणि मधेच मला मेसेज, आलं काय गो? सील आलं, बसवलं, मोटार गावी आणली. त्या दिवशी धूर आधीपेक्षा जास्त. चाचा होडीच्या कडेवर बसून पाणी उतरताना बघत राहिला. मी म्हटलं, "वल्हवत जाऊ या ना." तो म्हणाला, "एवढं लांब दोघांनी नाय होणार गो. शीड असतं तर वेगळं."

दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

त्याला मुंबईला सोडून जीप परत आली. अब्बा म्हणाले मोटार आता काढून ठेवू, थोडं ऑईल सोडू आत, गंजायला नको. चाची आतूनच म्हणाली, "कॅनमध्ये कालच घातलंय मी."

अब्बा थांबले. "काय घातलंस?"

"तेल. मोटारीचं. रोज घालते ना. पेलाभर."

"रोज?"

"पहिलं अर्धाच घालायची. मग ते मधेच बंद पडून वल्हवत आले, म्हणून पेलाभर. कमी पडायला नको, भाई. पाण्यात जाम झाली तर?"

अब्बा पडवीच्या पायरीवर बसले. ऑईलची बाटली लवकर खाली जातेय हे त्यांना दिसलं होतं, त्यांना वाटलं चाचा वापरतोय. चाचाला वाटलं असणार अब्बा. चाची आमच्या तोंडांकडे बघत होती आणि तिला कळत गेलं, ते मला बघवलं नाही.

ताजं पेट्रोल, मापाचं ऑईल, नवीन प्लग. थोडा धूर आला आणि गेला. मोटार अशी गुणगुणायला लागली की रडूच आलं.

अब्बा म्हणाले त्याला सांगायचं नाय, उगाच जीव जळेल. पण रात्री व्हिडिओ कॉल आला तेव्हा चाचीने फोन माझ्या हातातून घेतला. "चालू झाली मोटार. मीच जास्तीचं तेल घालत होते ओ. तुम्ही वाहून जाल म्हणून."

तो आधी हसला, पडद्यावर नुसते दात. मग फोन त्याने कुठेतरी ठेवला असावा, कारण आम्हाला बराच वेळ त्याच्या वर झोपणाऱ्या माणसाच्या खाटेची खालची बाजूच दिसत होती. मग आवाज आला, "मग आता तुम्ही तरी जाऊन या. भाई, दोघींना ने."

पुढच्या रविवारी गेलो. अब्बा मोटारीवर, तोंडात लिंबू, तरी दोनदा उलटी. चाची दोन्ही हातांनी कड धरून. मी सगळा रस्ता शूट केला. आणि खरंच, पाणी उतरलं तसा रेतीचा पट्टा वर आला! आम्ही ओरडलोच. चाची चपला काढून उतरली, बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. कोपरापर्यंत चिखल, तिसरी एक पण नाही. तरी ती उकरत होती आणि माझ्या फोनकडे बघून विचारत होती, "हीच ना ओ ती जागा? बरोबर आलो ना?"

संध्याकाळी व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला.

"कुठे उतरलात हे?"

"चाचा, तीच ना जागा?"

"नाय गो. ते मागे वळण दिसतंय ना, त्याच्या पुढे. तिथून दिसायला लागते."

अब्बा म्हणाले, "पाणी भरायला लागलं होतं रे, म्हणून तिथूनच परत वळवली."

"बरोबर केलंस भाई," चाचा म्हणाला. मग त्याने चाचीला विचारलं की हात धुतलेस काय. ती हो म्हणाली.

"अजून थोडंच पुढे होतं," तो म्हणाला.